हात वर न करणारं गाव

ग्रामपंचायतींचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक गमतीचा हिशेब छापून येतो. एक पक्ष म्हणतो, आमचे एवढे सरपंच आले. दुसरा म्हणतो, आमचे एवढे. सगळ्यांच्या दाव्यांची बेरीज केली तर ती निवडणूक झालेल्या गावांपेक्षा जास्त भरते. कारण उघड आहे. एकच सरपंच सकाळी एका नेत्याच्या बंगल्यावर गुलाल उधळून फोटो काढतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. त्याला खोटं पाडायला कुणाकडे पुरावा नसतो, कारण मतदान यंत्रावर त्याच्या नावापुढे कुठल्याच पक्षाचं चिन्ह नव्हतं. कपबशी होती, नाहीतर छत्री, नाहीतर शिट्टी.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला पक्षाच्या चिन्हावर उभं राहता येतं, ग्रामपंचायतीला नाही. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. म्हणजे कागदावर पाहिलं तर आपल्या पायाखाली एक अवाढव्य पक्षविरहित लोकशाही नांदते आहे. गावात राहणाऱ्या माणसाला हे सांगून पाहा, तो हसेल. पक्षाच्या जागी तिथे पॅनेल असतं. ग्रामविकास पॅनेल, परिवर्तन पॅनेल, गावच्या देवाच्या नावाचं पॅनेल. पॅनेलच्या मागे भावकी असते, भावकीच्या मागे सोसायटी आणि दूध डेअरी, आणि सगळ्यांच्या मागे तालुक्याचा कोणीतरी ‘साहेब’. चिन्ह काढलं, पक्षाचा सगळा संसार तसाच राहिला. पाटी तेवढी उतरवली.

यावर गावोगावचा आवडता उपाय म्हणजे बिनविरोध निवडणूक. भांडणं नकोत, खर्च नको, चार शहाण्यांनी बसून नावं ठरवावीत आणि बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यावेत. एखादा आमदार त्यासाठी निधीचं आमिषही जाहीर करतो. ऐकायला हे सात्त्विक वाटतं. पण जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तिथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. बोली लावायची, सर्वात मोठी बोली बोलणाऱ्याने रक्कम गावच्या देवळासाठी द्यायची आणि बाकीच्यांनी अर्ज भरायचा नाही. पक्ष नव्हते, भांडण नव्हतं, मतदानही होणार नव्हतं. गावाची एकजूट मात्र अगदी भक्कम होती.

म्हणून या प्रकरणाचा प्रश्न जरा नेमका करून घेऊ. पक्ष नसले की लोकशाही निर्मळ होते का? याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते इतकं सोपं आहे की त्यासाठी प्रकरण लिहिण्याची गरज नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: गावाचा कारभार असा करता येतो का, की पक्षाला तिथे काही कामच उरणार नाही?

*

हा विचार आपल्याकडे नवा नाही. मानवेंद्रनाथ रॉय यांनी तो सर्वात टोकाला नेला. त्यांनी स्वतःचा पक्षच मोडला. डिसेंबर १९४८ मध्ये कोलकात्याच्या अधिवेशनात रॅडिकल डेमोक्रॅटिक पार्टी विसर्जित झाली. सत्ता काबीज करणं हेच पक्षाचं प्रयोजन असल्यामुळे कितीही चांगला पक्ष शेवटी लोकांचा शिडीसारखा वापर करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याऐवजी खालून, गावोगावच्या लोकसमित्यांतून राज्य उभं राहावं. महाराष्ट्रात या विचाराला चांगली माणसं मिळाली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, सासवडचे वि. म. तारकुंडे. माणसं मिळाली, समित्या फारशा उभ्या राहिल्या नाहीत.

त्यानंतर जयप्रकाश नारायण. समाजवादी चळवळीत आयुष्याची उमेदीची वर्षं घालवून ते विनोबांच्या भूदानाकडे वळले, पक्षीय राजकारण सोडलं आणि १९५९ मध्ये भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेवर एक लांबलचक निबंध लिहिला. पायाशी ग्रामसभा, तिच्यावर तालुका, मग जिल्हा अशी चढती रचना, आणि कुठेही पक्ष नाहीत. निबंध गाजला, त्यावर टीकाही भरपूर झाली. आणि इतिहासाची थट्टा अशी, की पक्ष नकोत म्हणणाऱ्या याच माणसाच्या आशीर्वादाने १९७७ मध्ये जनता पक्ष जन्माला आला आणि दिल्लीच्या तख्तावर बसला. त्याच सरकारने नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९७८ मध्ये शिफारस केली, की पंचायतींच्या निवडणुकांत पक्षांनी उघडपणे उतरावं. त्याच वर्षी पश्चिम बंगालने पंचायतींच्या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर घेतल्यासुद्धा. समितीचा युक्तिवाद मला आजही तोडीचा वाटतो. पक्ष चोरवाटेने गावात येणारच असतील, तर दारातून येऊ द्या. निदान जाब कुणाला विचारायचा ते कळेल.

पक्षविरहित लोकशाहीचं नाव घेऊन आपल्या शेजाऱ्यांनी काय केलं तेही विसरून चालणार नाही. पाकिस्तानात अयूब खान यांनी १९५९ मध्ये ‘मूलभूत लोकशाही’ आणली. गावपातळीवर ८० हजार प्रतिनिधी निवडायचे, पक्षांना बंदी, आणि त्या ८० हजारांनी अयूब खान यांच्यावर विश्वास आहे असं मत द्यायचं. ते त्यांनी भरभरून दिलं. नेपाळात राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये बी. पी. कोइरालांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त करून त्यांना तुरुंगात टाकलं आणि ‘मातीला मानवणारी’ म्हणून पक्षहीन पंचायत व्यवस्था सुरू केली. ती तीस वर्षं चालली. या दोन्ही ठिकाणी पक्ष लोकांना नको झाले नव्हते, राज्यकर्त्याला नको झाले होते. वरून घातलेली पक्षबंदी आणि खालून उगवलेली पक्षांची अनावश्यकता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि बाबासाहेब. रॉय यांनी पक्ष मोडला त्याच्या काही आठवडे आधी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याची जी संभावना केली, ती सर्वोदयी मंडळींच्या आजही पचनी पडलेली नाही. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं, असा त्यांचा आशय होता. घटनेचा पाया त्यांनी व्यक्तीवर घातला, गावावर नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला गावाची एकजूट कशी दिसते ते त्यांना ठाऊक होतं. गावाने एकमताने ठरवलं, हे वाक्य वाचताना त्या मतात महारवाड्याचं मत धरलं होतं का, असा प्रश्न ज्याच्या मनात येत नाही त्याने पक्षविरहित लोकशाहीवर बोलू नये. अनेक गावांत दलित माणसाला गावच्या पाटलासमोर उभं राहण्याचं बळ बाहेरून आलेल्या पक्षाने, संघटनेने, निळ्या झेंड्याने दिलं. तो झेंडा काढून घेतला तर त्याच्या हातात काय उरतं?

इतकी सगळी सावधगिरी बाळगून आता एका गावाकडे जाऊ.

*

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की धानोऱ्याच्या थोडं अलीकडे मेंढा लागतं. मेंढा नावाची आणखीही गावं असल्यामुळे शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. शंभराच्या आसपास घरं, वस्ती पाचशेच्या आतबाहेर, जवळपास सगळे गोंड. जवळून कठाणी नदी वाहते. शेती थोडी आणि पावसावरची, बाकी जंगल. बांबू, मोह, तेंदू, चारोळी, मध, डिंक.

गोष्ट सुरू होते १९८० च्या दशकात. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं व्हायची होती. त्यांत या भागातली आदिवासी गावं आणि जंगलाचा मोठा पट्टा बुडणार होता. १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, लालश्यामशहा महाराज होते. धरणं मागे पडली. आंदोलनं जिंकली की सहसा माणसं घरी जातात. इथे काही जण घरी गेले आणि एक अवघड प्रश्न घेऊन बसले: धरण तर थांबलं, पण हे जंगल आपलं आहे का?

त्या बसणाऱ्यांत मेंढ्याचे देवाजी तोफा होते. आणि चंद्रपूरहून आलेला, जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेला एक कार्यकर्ता होता, मोहन हिराबाई हिरालाल. आईचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं लावणारा हा माणूस गावाला काही शिकवायला आला नव्हता. गाव निर्णय कसा घेतं, याचा अभ्यास करायला आला होता. अशा मंडळींना एकतर हाकलून देतात किंवा पुढारी करतात. मेंढ्याने दोन्ही केलं नाही. याचं श्रेय दोघांनाही जातं.

या चर्चांतून गावाची घोषणा तयार झाली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीतली तिची बहीण ‘मावा नाटे मावा राज’. घोषणा म्हणून ती इतकी वाजली, की तिच्यातला ‘च’ कुणी नीट ऐकत नाही. दिल्ली-मुंबईत ‘आमचं’ सरकार आहे, म्हणजे तिथे प्रतिनिधी पाठवू, मत देऊ, ज्याला हवा तो पक्ष निवडू. गावात मात्र ‘आम्हीच’ सरकार, म्हणजे तिथे प्रतिनिधी नको. फुटून निघण्याची ही भाषा नाही. कुठे प्रतिनिधी हवा आणि कुठे नको याचा तो हिशेब आहे. मेंढ्यातला माणूस विधानसभेला मत देतोच. पण नदीतल्या माशांचं काय करायचं हे ठरवायला त्याला आमदार लागत नाही.

*

मेंढ्याचा कारभार तीन गोष्टींवर उभा आहे. ग्रामसभा, अभ्यास गट आणि सर्वसहमती. पहिली सगळ्यांना माहीत असते, दुसरी क्वचित कुणाला, आणि तिसरीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो.

ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. प्रत्येक घरातून किमान एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे असा गावाने नियम केला. नियमाची ही बारीकशी दुरुस्ती दिसते तेवढी साधी नाही. ‘घरटी एक माणूस’ म्हटलं की आपल्याकडे तो माणूस कोण येतो हे सांगायला नको. आणखी एक बाब. ही ग्रामसभा सुरुवातीची बरीच वर्षं कायद्याच्या नजरेत ग्रामसभाच नव्हती. ग्रामपंचायत लेख्याला, तिच्यात आसपासची इतरही गावं, आणि कायद्याची ग्रामसभा त्या सगळ्यांची मिळून एक. एकट्या मेंढ्याने जमून ठराव केला तर त्याची किंमत कागदापुरतीही नव्हती. तरी गाव जमत राहिलं. १९९६ मध्ये ‘पेसा’ हा अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा आला आणि तिथे वस्ती किंवा पाडा हेच गाव आणि त्यातले मतदार हीच ग्रामसभा, असं त्याने मान्य केलं. संसदेला जे १९९६ मध्ये सुचलं ते मेंढ्यात आधीच चालू होतं.

अभ्यास गट ही माझ्या मते मेंढ्याची सर्वात मौल्यवान देणगी आहे, आणि तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष गेलं. या गटात गावातले ज्यांना रस आहे ते बसतात, बाहेरचे जाणकारही येतात. वनकायदा काय म्हणतो, गावाचे निस्ताराचे (घरगुती गरजेपुरतं जंगल वापरण्याचे) हक्क कुठल्या कागदात नोंदले आहेत, मध काढताना पोळं न जाळता माशा कशा वाचवायच्या, अशा विषयांवर इथे तासन्‌तास बोलणं होतं. इथे फक्त समजून घ्यायचं असतं, ठरवायचं काहीच नसतं. ठरवायचं ग्रामसभेत, आणि तिथे बाहेरच्याला आवाज नाही.

ही फारकत का महत्त्वाची? आपल्या नेहमीच्या ग्रामसभेत विषयपत्रिका ग्रामसेवक वाचतो, विषय लोकांना तिथेच पहिल्यांदा कळतो आणि तिथेच हात वर करायचा असतो. ज्याला आधीपासून माहीत आहे तोच बोलतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहतात. माहिती असलेला आणि नसलेला यांच्यातल्या या दरीतच पुढारी उगवतो. कामं करून देणारा, कागद समजणारा, तहसीलमध्ये ओळख असलेला. तो वाईट असतो असं नाही. पण गाव त्याच्यावर टेकलं की सुटत नाही. अभ्यास गट ही दरी बुजवत राहतो. पक्षाचं अर्धं भांडवल म्हणजे लोकांचं अज्ञान. ते असं हळूहळू आटतं.

उरलेलं अर्धं भांडवल सर्वसहमती काढून घेते.

मेंढ्यात ग्रामसभेत मतदान होत नाही. हात वर करून मोजणी नाही, बहुमत नाही. प्रस्तावावर बोलणं होतं, आणि एकाचाही विरोध असेल तर निर्णय होत नाही. विषय पुढच्या सभेला जातो. तेव्हाही विरोध असेल तर त्याच्या पुढच्या. दारूचा प्रश्न असाच लांबला. मोहाची दारू गोंडांच्या पूजेत लागते, लग्नात लागते, मयतीत लागते. आणि त्याच दारूने घरं मोडतात हे बायका सांगत होत्या. शेवटी पूजेपुरती दारू ठेवून बाकीची बंद, अशा जागी गाव पोचलं. ते एका बैठकीत झालं नाही, आणि बाहेरून वटहुकूम आला म्हणूनही झालं नाही.

आता यातलं यंत्र पाहा. बहुमताने ठरवायचं असलं की मला निम्म्यांहून एक जास्त माणूस लागतो. तो मिळवायला गट बांधावा लागतो. गट आज बांधून उद्या सोडता येत नाही, पुढच्या मतदानापर्यंत टिकवावा लागतो. टिकवायचा तर त्याला काहीतरी द्यावं लागतं, रस्त्याचं कंत्राट, घरकुलाच्या यादीतलं नाव. आणि जे उरले, निम्म्याहून एक कमी, त्यांच्याशी बोलायची मला गरजच राहत नाही. पॅनेल असं तयार होतं. त्याला चिन्ह आणि झेंडा दिला की पक्ष. सर्वसहमतीत ५१ माणसं गोळा करून काही हाती लागत नाही, ९९ केली तरी नाही. मला त्या एका ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसावंच लागतं. माझी सगळी शक्ती माझ्याशी सहमत असलेल्यांना बांधून ठेवण्याऐवजी असहमत माणसाला समजून घेण्यात जाते. अशा गावात पॅनेल काढायला कायद्याची मनाई लागत नाही. काढून करायचं काय?

बिनविरोध आणि सर्वसहमती हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. बिनविरोध म्हणजे विरोध तोंड उघडण्याआधी मिटवलेला, समजुतीने, पैशाने, नाहीतर धाकाने. सर्वसहमतीत विरोधाला इतका मान, की तो असेपर्यंत गाव थांबतं. हिवरे बाजारचंच पाहा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून पाणी आणलं, हे सगळ्या देशाला माहीत आहे. तिथली निवडणूक तीसेक वर्षं बिनविरोध होत आली. जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालं, आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. काहींना वाटलं, गावाला दृष्ट लागली. मला वाटतं, तीस वर्षांत ज्यांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं त्यांना ते म्हणायला एक जागा मिळाली आणि गावाचा कौल काय आहे तेही आकड्यांत कळलं. यात वाईट काहीच नाही.

*

एवढं सगळं करून मेंढ्याला मिळालं काय? ते सांगायचं तर बांबूची गोष्ट सांगावी लागेल.

गावाभोवतीचं जंगल एकेकाळी जमीनदाराचं होतं, जमीनदारी गेल्यावर ते सरकारचं झालं. बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने जायचा आणि गावकऱ्याने झोपडीसाठी तोडला तर गुन्हा. गावाने एकदा सागवान वापरून आपलं गोटुल, म्हणजे तरुणांचं सामूहिक घर, उभारलं, तर वनखात्याने ते उतरवून नेलं. मेंढ्याने आसपासच्या गावांना बोलावून ते पुन्हा उभं केलं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा दावा कसा करायचा हे मेंढ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. वीस वर्षांचा अभ्यास तयार होता. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा यांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशातले हे पहिले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगल आलं.

हक्क मिळाला, बांबू मात्र अडला. १९२७ च्या वनकायद्याने बांबूला झाड ठरवलं होतं. वनस्पतिशास्त्र सांगतं, बांबू हे गवत आहे. वनहक्क कायदाही बांबूला गौण वनोपज म्हणतो. पण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात, आणि खातं म्हणे, झाड. गावाने बांबू विकायला काढला, तर घेणाऱ्याला तो गावाबाहेर नेता येईना. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून बांबूची तोड, मोजणी, विक्री, मजुरी सगळं ग्रामसभेकडे. तिचं बँकेत खातं आहे, पॅन कार्ड आहे. उलाढाल लाखोंची.

पैसा आला की गावं फुटतात, हा आपला अनुभव. मेंढ्याने उलट दिशेला पाऊल टाकलं. २०१३ मध्ये, विनोबांची ग्रामदान चळवळ बहुतेकांच्या स्मरणातूनही गेल्यावर, या गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदान जाहीर केलं. जमिनीची मालकी गावाकडे. कसणं आणि वारसा कुटुंबाकडे. पण गावाबाहेर विकता येणार नाही. रस्त्याकडेची जमीन धनदांडग्यांच्या घशात जाण्याच्या काळात घेतलेला हा निर्णय भाबडा नव्हता. सरकारलाच तो झेपला नाही. कायदा इतका धूळ खात पडला होता की अंमलबजावणी कुणी करायची हेच कळेना. वर्षं गेली आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं. मेंढ्याची वाटचाल सविस्तर वाचायची असेल तर मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ आहेच.

*

आता मेंढ्याच्या भक्तांना न आवडणारं थोडं. शंभर घरांचं, एका जमातीचं, सगळ्यांचं पोट एकाच जंगलावर असलेलं हे गाव आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच-सहा हजार वस्तीच्या, बारा जातींच्या, बागायतदार आणि ऊसतोड मजूर एकाच वेशीत राहणाऱ्या गावाला मेंढ्याचा कित्ता गिरवायला सांगणं म्हणजे आंबेडकरांनी विचारलेला प्रश्न न ऐकल्यासारखं करणं आहे. तिथे सर्वसहमती म्हणजे गप्प बसणाऱ्यांची संमती होण्याचा धोका फार मोठा. ज्याची मजुरी तुमच्या रानात आहे तो तुमच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणार नाही. त्याला गुप्त मतदानाचा आडोसा लागतो, कधी बाहेरच्या पक्षाचाही लागतो, आणि तो काढून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. शिवाय ‘एकाचा विरोध तरी थांबा’ या नियमात जे जसं आहे ते तसंच ठेवू पाहणाऱ्याचं फावतं. मेंढ्यात हे कमी झालं, कारण अडवणाऱ्याला कारण सांगावं लागतं आणि कारण सांगून पुन्हा रोज त्याच लोकांत वावरायचं असतं. वीस हजारांच्या प्रभागात ही लाज कोण कुणाची धरणार? शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद आपल्या कायद्यात २००९ मध्ये झाली. ती कुणाला माहीत नाही, याचं आश्चर्य वाटत नाही.

तरी मेंढ्याकडून उचलण्यासारखं बरंच उरतं, आणि ते उचलायला गोंड असावं लागत नाही. मोठ्या गावाची एकच ग्रामसभा घेण्याआधी वाडीवाडीची, आळीआळीची सभा घेता येते. बायकांची सभा आधी घ्यावी असं तर आपला कायदाच सांगतो. विषय पंधरा दिवस आधी कळवून त्यावर नुसतं बोलायला, काहीही न ठरवता, बसता येतं. आणि तातडीचं नसेल ते, कुणी कळकळीने विरोध करत असेल तर, एका सभेपुरतं थांबवता येतं. यातल्या एकाही गोष्टीला पक्ष बरखास्त करावे लागत नाहीत.

राहिली आपली कायद्यातली ग्रामसभा. वर्षाला किमान चार घ्यायच्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब करायची. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही; दहा-बारा जणांनी केलेला ठराव हा तुमच्या सगळ्या गावाचा ठराव असतो. पुढच्या खेपेला ग्रामपंचायतीत काही कामाने जाल तेव्हा इतिवृत्ताची वही मागा. गेल्या चार सभांपैकी किती तहकूब होऊन झाल्या ते बघा, प्रत्येकीखालच्या सह्या मोजा, आणि त्यांत तुमची नसताना तुमची म्हणून केलेली एखादी सही आहे का, तेही एकदा शोधून पाहा.